ट्रॅक्टर स्वस्त झाला, पण जुन्या ट्रॅक्टरच्या गळक्या पंपाचं काय?

परभणी : २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरच्या टायरचा १८ वरून ५ वर आला. दसरा-दिवाळीला शोरूमपुढं हार घातलेले नवे ट्रॅक्टर उभे राहिले आणि त्यांचे फोटो आपण सगळ्यांनी स्टेटसला बघितले. चांगली गोष्ट आहे, त्यात वाद नाही. पण गावात नवा ट्रॅक्टर घेणारे किती आणि पंधरा-वीस वर्षांच्या जुन्या ट्रॅक्टरवर पेरणी काढणारे किती, हे तुम्हीच आपल्या गल्लीत मोजून बघा. या जुन्या ट्रॅक्टरवाल्याला जीएसटी कमी झाल्याचा फायदा फारसा नाही. त्याचा खर्च दुरुस्तीत आहे, आणि यंदा त्या दुरुस्तीत एक तक्रार जिथं जावं तिथं ऐकू येते : पंप गळतोय.

पंप म्हणजे इंजिनाला मोजून डिझेल देणारा पंप. आपल्याकडं कुठल्याही कंपनीचा असला तरी त्याला 'मायको'च म्हणतात. तो गळायला लागला की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो, 'पंप गेला, बदलून टाका.' मॉडेलप्रमाणे फरक पडतो, पण नवा पंप म्हणजे आजच्या भावात पाच-सहा क्विंटल सोयाबीन गेलंच समजा. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी ५३२८ रुपये ठरला होता. मोंढ्यात हातात काय पडतं ते सांगायची गरज नाही. आणि गंमत अशी की गळणाऱ्या पंपांपैकी बऱ्याच पंपांचं दुखणं तांब्याच्या एका वायसरचं किंवा रबराच्या एका ओ-रिंगचं असतं. किट काही शे रुपयांत येतं. म्हणून आधी गळती नेमकी कुठं आहे ते कळलं पाहिजे, खर्चाचं नंतर बघता येतं.

आता हे यंदाच एवढं का वाढलं? एक कारण सरळ आहे. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत आणि पुरात मराठवाड्यात कितीतरी ट्रॅक्टर आखाड्यावर, शेडबाहेर दिवसेंदिवस पाण्यात-पावसात उभे राहिले. टाकीच्या झाकणाचं पॅकिंग जुनं झालेलं असतं, तिथून पाणी आत जातं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं आणि फिल्टरच्या वाटीतून पुढं पंपात जातं. पंपाच्या आत प्लंजर आणि बॅरल यांच्यात जी फट असते ती केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक, दोन-चार मायक्रॉनची. तिथं वंगण फक्त डिझेलचं. पाणी गेलं की तिथं गंज धरतो, ओरखडे पडतात, आणि मग डिझेल वर नोझलला जायच्या ऐवजी खाली झिरपतं.

दुसरं कारण जुनं आहे, पण त्याच्याबद्दल कुणी शेतकऱ्याला सांगितलं नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं. त्यात गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग. त्याआधी बीएस-४ मध्ये ५० होतं, त्याच्या मागच्या बीएस-३ मध्ये ३५०. हवेसाठी हे चांगलंच झालं. पण गंधक काढायची जी प्रक्रिया रिफायनरीत होते, तिच्यात डिझेलचा नैसर्गिक बुळबुळीतपणाही कमी होतो. तो भरून काढायला कंपन्या वंगणाचं रसायन मिसळतात आणि त्याचं प्रमाण मानकात ठरलेलं आहे, म्हणून 'बीएस-६ ने सगळे पंप खाल्ले' असं म्हणणं बरोबर नाही. रबराची गोष्ट मात्र वेगळी आहे. जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षं भिजलेलं सील थोडं फुगलेलं असतं आणि त्या फुगण्यावरच ते गच्च बसलेलं असतं. डिझेलचा घटक बदलला की ते आकसतं. नवं सील असेल तर काही होत नाही, पण आधीच कडक झालेलं जुनं सील आकसलं की परत जागा धरत नाही, गळायला लागतं. अमेरिकेत १९९३ साली कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांच्या पंपांना अशीच गळती लागली होती. म्हणजे हा आपल्या मेस्त्रीचा दोष नाही आणि प्रत्येक वेळी पेट्रोल पंपवाल्याच्या भेसळीचाही नाही. वीस वर्षांचं रबर आहे, ते बदलायला आलं आहे.

यावर एक गावठी उपाय फार चालतो : टाकीत थोडं जळकं ऑइल टाकायचं, 'पंपाला वंगण मिळतं' म्हणून. हे करू नका. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचा लोखंडी कीस आणि काजळी असते. फिल्टर लवकर बुजतो आणि जे फिल्टरमधून निसटतं ते त्याच दोन-चार मायक्रॉनच्या फटीत जाऊन बसतं. तसंच कुणी टँकरमधून 'बायोडिझेल' म्हणून स्वस्तात काही विकत असेल तर आपल्या टाकीत ते नको. असल्या तेलानं जुनं रबर फुगतं, लिबलिबीत होतं.

आता गळती ओळखायची कशी ते सांगतो, कारण खर्च वाचतो तो इथंच. पंप, पाइप, फिल्टर सगळं डिझेलनं धुवून कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसून घ्या. धूळ आणि डिझेलचा जो काळा थर साचलेला असतो तो राहिला तर काहीच दिसत नाही. मग वरून अंगाला लावायची पावडर किंवा खडूची भुकटी शिंपडा. इंजिन चालू करा, पाच-दहा मिनिटं चालू द्या आणि बॅटरीच्या उजेडात बघा. पावडर पहिल्यांदा जिथं भिजली तिथं गळती. खाली जिथं थेंब टपकतो ती गळतीची जागा नसते, डिझेल पंपाच्या अंगावरून ओघळत खालच्या कोपऱ्याला येतं आणि आपण त्या कोपऱ्यालाच दोष देतो.

बघताना एक गोष्ट कटाक्षानं पाळा. पंपापासून नोझलकडं जाणाऱ्या लोखंडी पाइपांवर बोट फिरवून गळती चाचपू नका. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात हवेचा दाब साधारण एक बार असतो, त्या पाइपात दोनशे बारच्या आसपास असतो. पाइपाला सुईच्या टोकाएवढी चीर असली तर ती धार कातडी फोडून आत जाते. वरून फक्त एक ठिपका दिसतो, फार दुखतही नाही, आणि काही तासांत हात सुजतो. असं झालं तर हळद लावून बसू नका, थेट दवाखान्यात जा आणि 'दाबाखालचं डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा. चाचपायचंच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा धरा, त्यावर ओल उमटते.

पावडर भिजली ती जागा डिझेल येणाऱ्या नळीच्या पोकळ बोल्टाची असेल, तर दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर बदलले की काम झालं. जुनं वायसर लालबुंद तापवून थंड केलं की मऊ होतं आणि अडलेल्या वेळेला चालूनही जातं, पण नवं पाच-दहा रुपयांत मिळतं. डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या होल्डरच्या बुडाशी ओल असेल तर आतलं पॅकिंग आणि ओ-रिंग. हे काम सवयीच्या मेस्त्रीनं पंप न उतरवता केलं तरी चालतं, पण होल्डर किती आवळायचा याचं माप असतं. पान्याला पाइप लावून आवळला की बॉडीला चीर जाते, आणि मग खरोखरच पंप बदलावा लागतो. फीड पंपाच्या हाताच्या दट्ट्यातून गळत असेल तर तो दट्ट्याच वेगळा मिळतो. रोटरी पंप असेल तर ॲक्सिलरेटरच्या दांड्याचं सील आणि वरच्या झाकणाचं पॅकिंग या दोन जागा पहिल्या बघायच्या.

साबण, एम-सील, सायकलच्या ट्यूबची पट्टी यातलं काही डिझेलपुढं टिकत नाही. पांढरी टेफलॉन पट्टी तर आट्यांवर अजिबात गुंडाळू नका. तिचे धागे तुटून आत जातात आणि नोझलच्या छिद्रात अडकतात. पाण्याच्या नळाला जे चालतं ते इथं चालत नाही.

बाहेरची गळती दिसते तरी. सेकंदाला एक थेंब धरला तर तासाला शंभर मिलीच्या वर आणि दिवसभराच्या कामात लिटरभर डिझेल मातीत जातं. आपल्या जिल्ह्यात डिझेल नव्वदीच्या पुढं आहे, हिशेब ज्याचा त्यानं करावा. मळणी यंत्राला ट्रॅक्टर जोडलेला असेल तर डिझेलनं भिजलेल्या अंगावर भुसा बसतो आणि जवळच सायलेन्सर तापलेला असतो. तो धोका वेगळाच.

खरी भीती आतल्या गळतीची, कारण ती दिसत नाही. अशा वेळी खाली एक थेंब पडत नाही आणि मालक मात्र खूश असतो की 'आपलं इंजिन ऑइल पीत नाही, उलट पट्टीवर ऑइल जरा वरच दिसतंय.' वीस वर्षांच्या इंजिनात ऑइल वाढायला लागलं तर ती खुशीची गोष्ट नाही. लाइन पंपात झिजलेल्या प्लंजरमधून किंवा फीड पंपाच्या दांड्यातून, रोटरी पंपात फिरत्या शाफ्टच्या सीलमधून डिझेल खाली उतरतं आणि इंजिनाच्या चेंबरमध्ये ऑइलात मिसळतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगवर पडदा धरत नाही. क्रँक, बेअरिंग गेलं की मग पंपाचा खर्च लहान वाटायला लागतो. त्यातही ऑइल फारच वाढलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पेट घेतं, आवाज वाढत जातो आणि स्टॉपची दोरी ओढली तरी बंद होत नाही. अशा वेळी एअर क्लीनरचं तोंड जाड गोणपाटानं किंवा फळीनं दाबून हवा बंद करायची, हातानं नाही, आणि बाकीच्यांना लांब उभं करायचं.

हे ओळखायला पैसे लागत नाहीत. रोज सकाळी इंजिन थंड असताना पट्टी काढून बघायची. ऑइल वाढलंय? वास घ्या. डिझेलचा वास आला आणि ऑइल बोटावर पाण्यासारखं पातळ लागलं तर डिझेल उतरतंय. पांढरट, ताकासारखं दिसलं तर रेडिएटरचं पाणी, ते दुखणं निराळं. शंका असेल तर वर्तमानपत्रावर एक थेंब टाकून ठेवा. मधे काळा डाग आणि भोवती तेलकट कडं लांबवर पसरलं तर डिझेल आहे असं समजा. काही जुन्या पंपांना स्वतःचा वेगळा ऑइलचा कप्पा असतो, तिथं डिझेल मिसळलं की ते पंपाच्याच जास्तीच्या छिद्रातून बाहेर येतं. ती एका अर्थी सोय म्हणायची, निदान इंजिनापर्यंत जात नाही.

मात्र ऑइलात डिझेल आलं म्हणजे दोष पंपाचाच, असं धरून चालू नका. नोझल उघडं राहून थुंकत असेल तरीही न जळलेलं डिझेल लायनरवरून खाली उतरतं. तेव्हा धूर जास्त पडतो, एखाद्या सिलेंडरला ठोका येतो. पंप बदलला, पैसे गेले आणि ऑइल परत वाढलं, असं होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. म्हणून पंप ट्रायल बेंचवर चढवायचा असेल तेव्हा नोझलही सोबत न्या, तपासायला फार लागत नाही.

बाहेरची कामं घरी किंवा गावातल्या मेस्त्रीकडं होतात, पण प्लंजर-बॅरल, रोटरीचं हेड ही कामं आखाड्यावर पोतं अंथरून करायची नाहीत. प्लंजर आणि बॅरल जोडीनंच घडवलेले असतात, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. जुळणी झाल्यावर प्रत्येक सिलेंडरला सारखं डिझेल पडतं का ते बेंचवर काचेच्या नळ्यांत मोजावं लागतं. पंप उतरवण्याआधी फ्लँज आणि इंजिनची बॉडी यांच्यावर छिन्नीनं एक सरळ खूण करून घ्या, मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा. परत बसवताना ती खूण चुकली की टायमिंग हुकतं. मग ट्रॅक्टर काळा नाहीतर पांढरा धूर टाकतो, ओढ राहत नाही आणि दोष परत पंपावर जातो. पाइप काढल्या काढल्या उघड्या तोंडांना स्वच्छ पिशवी बांधायची. आणि बसवल्यावर हवा काढायची ती क्रमानं : आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत हातानं पंप मारायचा, मग पंपाचा स्क्रू, शेवटी नोझलकडचे नट. क्रम मोडला की अर्धा दिवस सेल्फ मारून बॅटरी उतरते.

यंदा हे सगळं ऐन घाईत आलं, हा खरा घोळ आहे. पावसानं वाफसा उशिरा आला आणि सगळ्यांची रब्बीची पेरणी एकाच पंधरवड्यात सापडली. भाड्याचा ट्रॅक्टर सांगावा तर दहा जण रांगेत. ज्याचा पंप या दिवसात बसला त्याच्याकडं घासाघीस करायला वेळ नसतो. दुकानदार 'बदला' म्हणाला की तो बदलतो, हरभऱ्याची ओल उडून चालली असते. गळती उन्हाळ्यापासूनच असते, पण तेव्हा खाली डबा ठेवून काम भागवलेलं असतं.

दुकानदारालाच दोष द्यायचा असंही नाही. बेंच असलेली दुकानं तालुक्याला एखाद-दुसरी. जाणते कारागीर साठीकडं आलेत आणि नवी पोरं या कामाकडं वळत नाहीत. ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ चे नियम लागले, त्यांचे पंप आता कॉम्प्युटरवर चालतात, तिथं काम वेगळं आणि पगारही. पण ५० एचपीच्या आतले ट्रॅक्टर, म्हणजे आपल्याकडचे बहुतेक, आजही साध्या पंपावरच चालतात. हे काम संपलेलं नाही. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल' आणि 'मेकॅनिक ट्रॅक्टर' असे एक-एक वर्षाचे दोन कोर्स आहेत. त्यातल्या चार पोरांना जरी पंप बेंच टाकायला कर्ज मिळालं तरी तालुक्याचा प्रश्न निम्मा सुटेल. महाडीबीटीवर ट्रॅक्टर घ्यायला अनुदान आहे, रोटाव्हेटरला आहे, पेरणी यंत्राला आहे. सगळं घेण्याला आहे. दुरुस्तीला काही नाही. जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी अवजारे बँकेच्या उद्घाटनाला येताना याचाही विचार करावा, एवढीच माझी विनंती.

केंद्राच्या ग्राहक खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यात चार क्षेत्रं धरली, त्यातलं एक शेती अवजारांचं आहे. हेतू हा की कंपनीनं दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांच्या किमती उघड ठेवाव्यात. वेगळा कायदा मात्र अजून झालेला नाही. तोवर आपल्या हातात आहे ते करावं : पक्कं बिल मागायचं, बदललेले जुने भाग परत मागायचे आणि 'काय खराब होतं ते दाखवा' म्हणायचं. दुरुस्ती ही पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करता येते. तोंडी व्यवहारात यातलं काही चालत नाही.

आणखी एक. दहा वर्षांवरचे ट्रॅक्टर आता भंगारात काढावे लागणार, असा मेसेज अधूनमधून ग्रुपवर फिरतो आणि पंप गळत असलेला माणूस घाबरून जुना ट्रॅक्टर पडेल भावात देऊन टाकतो. २०२३ मध्येच केंद्र सरकारनं हे खोटं असल्याचं जाहीर केलं होतं. शेतीचा ट्रॅक्टर वाहतुकीच्या वाहनांत धरत नाहीत, त्याची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते आणि पुढं पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. नोंदणीची मुदत तेवढी बघून ठेवा.

पेरणी आटोपली की डिसेंबर-जानेवारीत पंपाची दुकानं रिकामी असतात. सील किट टाकून पंप बेंचवर बघून घ्यायला तो महिना बरा, कारागीरही निवांत बोलतो आणि दरही उतरतो. दोन्ही फिल्टर त्याच वेळी बदला, वाटी काढून धुवा, टाकीचा खालचा बोल्ट सैल करून तळाचं पाणी बाटलीत काढून बघा. आणि ट्रॅक्टर उभा ठेवायचा असेल तर टाकी भरून ठेवा. अर्धी रिकामी टाकी थंडीत आतून घाम धरते, आणि ते पाणी पुढच्या मशागतीला पहिल्याच दिवशी पंपात जातं.